परदेशी मदत कोणाला, हे ठरते कसे?

महोदय,

परदेशांना दिल्या जाणाऱ्या मदतीवरची चर्चा एकाच प्रश्नापाशी अडते: स्वतःच्या देशात गरिबी असताना दुसऱ्याला का द्यायचे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर सरकारने दिलेच पाहिजे. पण या वादात दुसरा प्रश्न मागे पडतो. ठरलेली रक्कम देशोदेशी विभागली कशी जाते? कोणी ठरवले, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कागदाच्या आधारे? पैसा हातचा जातो तो बहुतांशी या विभागणीत, आणि लोकांच्या नजरेआड असलेला भागही हाच.

आधी एकूण रकमेचे पाहू. विकसित देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकासासाठी द्यावी, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये केला. २०२४ मध्ये हे प्रमाण गाठणारे देश चारच होते: नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या विकास साहाय्य समितीत जे देणारे देश आहेत, त्या सगळ्यांची मिळून मदत त्या वर्षी सुमारे २१२ अब्ज डॉलर होती. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३३ टक्के. आता, टक्केवारीत बांधलेल्या रकमेची अडचण अशी की राष्ट्रीय उत्पन्नाचा पक्का आकडा वर्ष उलटून गेल्यावर हाती येतो. वर्षभर खर्च करायचा तो अंदाजावर. अंदाज घसरला की चालू कामांना कात्री लागते. ब्रिटनने जुलै २०२०मध्ये त्याच वर्षाच्या मदतीतून २.९ अब्ज पौंडांची कपात केली ती याच कारणाने. उलट अंदाज वाढला तर डिसेंबरच्या आत पैसे खपवावे लागतात. अशा वेळी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एखाद्या आंतरराष्ट्रीय निधीकडे वचनचिठ्ठी जमा करणे. चिठ्ठी जमा झाली त्या दिवशी मदत ‘दिली’ अशी नोंद होते. प्रत्यक्ष पैसा पुढची काही वर्षे टप्प्याटप्प्याने उचलला जातो. वर्षअखेरीची ही घाई म्हणजे गरज पाहून केलेली निवड नव्हे.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे या रकमेतली मोकळी किती हे पाहणे. अर्थ खात्याने कमाल मर्यादा कळवली की मदत खात्याचे अधिकारी प्रथम वजाबाकी करतात. जागतिक बँकेचा सवलतीच्या कर्जाचा निधी, प्रादेशिक विकास बँका, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, लसीकरण आणि साथरोगांचे निधी यांना दोन-तीन वर्षांपूर्वी दिलेली वचने पहिल्यांदा वजा होतात. मग आधीच करार झालेल्या प्रकल्पांचे यंदाचे हप्ते. मग आपत्तीसाठी राखीव. आणि अलीकडे एक मोठी वजाबाकी वाढली आहे: स्वतःच्याच भूमीवर आलेल्या निर्वासितांच्या पहिल्या बारा महिन्यांचा निवास-भोजनाचा खर्च. ओईसीडीच्या नियमांप्रमाणे तो परदेशी मदत म्हणून मोजता येतो. ब्रिटनच्या २०२२ सालच्या १२.८ अब्ज पौंडांच्या मदतीपैकी ३.७ अब्ज, म्हणजे सुमारे २९ टक्के, अशा रीतीने देशातच खर्च झाले. हा खर्च गृह खाते करते, त्यावर मदत खात्याचे नियंत्रण नसते. पण मर्यादा एकच असल्याने तिकडे बिल वाढले की इकडे एखाद्या देशातले आरोग्य केंद्र बंद पडते. मदतीची रक्कम वाढली की घटली एवढेच छापणाऱ्या बातमीत हे कधीच दिसत नाही.

उरलेल्या मोकळ्या रकमेवर ‘कोणत्या देशाला किती’ हा प्रश्न येतो, आणि इथे सर्वांत वजनदार घटक असतो तो मागच्या वर्षीचा आकडा. कारण साधे आहे. रक्कम तशीच ठेवली तर कुणाला खुलासा द्यावा लागत नाही. कमी केली तर राजदूतापासून त्या देशाच्या अर्थमंत्र्यापर्यंत सगळे विचारतात. शिवाय दूतावासातले विभाग, तिथले कर्मचारी, ठेकेदारांचे बहुवार्षिक करार हे सगळे त्या जुन्या आकड्याभोवती बसलेले असते. म्हणून एखाद्या देशातली गरिबी निम्म्याने घटली तरी तरतूद बरीच वर्षे तशीच राहते, आणि दुसरीकडे यादवी पेटली तरी तिथली तरतूद वाढायला दोन-तीन अर्थसंकल्प जातात.

याला उतारा म्हणून काही संस्थांनी सूत्र लिहून काढले. त्यातले सर्वांत चांगले तपासता येते ते जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेचे, म्हणजे १९६०मध्ये स्थापन झालेल्या ‘आयडीए’चे. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न आणि कारभाराचे गुण या तिघांचा त्यात गुणाकार असतो. कारभाराचे गुण १६ निकषांवर, १ ते ६ या पट्टीवर दिले जातात आणि निकषांचे चार गट पाडलेले असतात. अंतिम गुणांत ६८ टक्के वजन चौथ्या गटाला, म्हणजे सार्वजनिक प्रशासन, अर्थसंकल्पाची शिस्त, मालमत्तेचे हक्क, पारदर्शकता यांना; पहिल्या तीन गटांना मिळून २४ टक्के; आणि चालू प्रकल्पांच्या प्रगतीला ८ टक्के.

आता हे गुण सूत्रात कोणत्या घातात बसवायचे, यावर सगळे अवलंबून असते. ३ गुणांचा देश आणि ४ गुणांचा देश घ्या, बाकी सगळे समान. पाचवा घात घेतला तर २४३ आणि १०२४, म्हणजे दुसऱ्याला चौपटीहून जास्त. तिसरा घात घेतला तर २७ आणि ६४, म्हणजे सव्वादोन पटीहून थोडे जास्त. आयडीएने २०१४नंतर दोन टप्प्यांत पाचव्यावरून चौथा आणि मग तिसरा घात स्वीकारला. एका अंकाच्या या बदलाने कमकुवत राज्ययंत्रणेच्या देशांकडे मोठ्या रकमा वळतात. उत्पन्नाचा भाग मात्र फारच सौम्य ठेवला आहे: वाटा दरडोई उत्पन्नाच्या आठव्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात. त्याचा अर्थ असा की ५०० डॉलर दरडोई उत्पन्नाच्या देशाला १००० डॉलरवाल्या देशापेक्षा फक्त ९ टक्के जास्त मिळतात. गरिबीला इतके कमी आणि कारभाराला इतके जास्त वजन योग्य आहे का, यावर मतभेद होऊ शकतात. माझ्या मते नाही. पण हे मत मला मांडता येते ते सूत्र छापलेले आहे म्हणूनच.

सूत्रालाही बाक असतोच. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसे द्यायचे म्हटले तर एखादा मोठा देश सगळा निधी गिळून टाकेल. म्हणून भारत आयडीएचा कर्जदार असताना त्याच्या वाट्याला कमाल मर्यादा घातलेली होती. दुसऱ्या टोकाला छोटी बेटे: त्यांना किमान ठरावीक रक्कम दिल्याने दरडोई मदत प्रचंड दिसते. आणि यादवीत सापडलेल्या देशांना गुण फारच कमी मिळतात, तर लोकांची हलाखी तिथेच सर्वाधिक. त्यांच्यासाठी सूत्राबाहेरची वेगळी तरतूद करावी लागते. अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन या सरकारी मदतसंस्थेने, जी २००४मध्ये सुरू झाली, वेगळा मार्ग घेतला: २० निर्देशांकांचे गुणपत्रक जाहीर करायचे, निम्म्यांत उत्तीर्ण व्हायचे, आणि भ्रष्टाचार नियंत्रणात नापास झालेल्या देशाला बाकीचे गुण कितीही असले तरी बाहेर ठेवायचे. तिथेही अंतिम निवड संचालक मंडळाची, पण मंडळाने गुणपत्रकापासून फारकत घेतली तर ती सर्वांना दिसते.

एक दोष मात्र कोणत्याही एका सरकारच्या सूत्रातून सुटत नाही. प्रत्येक देणारा देश स्वतंत्रपणे ‘जिथे पैसा चांगला वापरला जाईल’ असा देश शोधतो, आणि सगळ्यांना तेच मूठभर देश सापडतात. तिथे वीस-वीस देणाऱ्यांची पथके येतात. प्रत्येकाचे लेखापरीक्षण वेगळे, अहवालाचा नमुना वेगळा, तारखा वेगळ्या. तिथल्या आरोग्य खात्याचे अधिकारी दवाखान्यांऐवजी पाहुण्यांमागे धावतात. शेजारच्या देशाकडे मात्र कुणीच फिरकत नाही, कारण दुसरा कोणी देत असेल असे प्रत्येकाला वाटते. प्रत्येकाचा निर्णय सुटा पाहिला तर बरोबर, बेरीज चुकीची. पॅरिस (२००५), अक्रा (२००८) आणि बुसान (२०११) इथल्या परिषदांत कामाची वाटणी करण्याचे ठरले. देश सोडण्याची वेळ आली की मात्र कुणी मागे हटायला तयार नसते, कारण मदत बंद करणे म्हणजे राजनैतिक अपमान समजला जातो.

मदतीचे साधनही देश निवडते. अनुदान कुणालाही देता येते. कर्ज फेडू शकणाऱ्यालाच. ज्या सरकारांची मदत मोठ्या प्रमाणात कर्जरूपाने जाते, त्यांचा कल आपोआप मध्यम उत्पन्नाच्या देशांकडे, रेल्वे, बंदरे, वीज अशा परतावा देणाऱ्या कामांकडे झुकतो. २०१८पासून हिशेबाचा नियम बदलला आणि कर्जाची पूर्ण रक्कम न मोजता त्यातला सवलतीचा भागच मदत म्हणून धरला जाऊ लागला. अतिगरीब देशांसाठी तो भाग किमान ४५ टक्के असावा लागतो, उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी १० टक्के पुरतो. हिशेबाच्या नियमाने वाटपाची दिशा बदलते, हे फार कमी लोकांच्या लक्षात येते.

आता राजकारण. ते नसते असे म्हणण्यात अर्थ नाही. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असे आढळले की एखादा विकसनशील देश संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेवर दोन वर्षांसाठी निवडून आला की त्याला मिळणारी अमेरिकी मदत सरासरी ५९ टक्क्यांनी वाढते, आणि मुदत संपली की पूर्वपदावर येते. त्या दोन वर्षांत तिथली गरिबी वाढलेली नसते; मत हवे असते.

राजकीय निर्णय कागदावर आला तर काय घडू शकते, याचे सर्वांत बोधक उदाहरण मलेशियातल्या पेर्गाव धरणाचे आहे. १९८८मध्ये ब्रिटन आणि मलेशिया यांच्यात शस्त्रखरेदीची बोलणी चालू असताना, खरेदीच्या २० टक्क्यांपर्यंत मदत देण्याचा मजकूर असलेल्या दस्तऐवजावर ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी सही केली. १९८९मध्ये या जलविद्युत प्रकल्पाला मदतीचा देकार गेला तेव्हा खर्च ३१ कोटी ६० लाख पौंड धरला होता. काही दिवसांतच तो ३९ कोटी ७० लाखांवर गेला. मदत खात्याच्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला: वायूवर चालणारे वीजकेंद्र उभारणे स्वस्त, धरण उभारले तर मलेशियाच्या वीजग्राहकांवर ३५ वर्षांत १० कोटी पौंडांहून जास्त भुर्दंड. खात्याचे सचिव सर टिम लँकेस्टर यांनी १९९१मध्ये आपला विरोध लेखी नोंदवला आणि मंत्र्यांचा लेखी आदेश असल्याशिवाय पैसे सोडण्यास नकार दिला. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी तो आदेश दिला. मदतीची रक्कम २३ कोटी ४० लाख पौंड.

त्या एका लेखी आदेशामुळे पुढचे सगळे घडले. राष्ट्रीय लेखापरीक्षकांना तो सापडला, १९९३मध्ये त्यांचा अहवाल आला, संसदेच्या समित्यांनी चौकशी केली, आणि एका स्वयंसेवी संस्थेने याचिका दाखल केल्यावर १९९४मध्ये उच्च न्यायालयाने ही मदत बेकायदा ठरवली. १९८०च्या कायद्यात विकासासाठी मदत असा हेतू लिहिला होता. आर्थिकदृष्ट्या इतक्या तोट्याचा प्रकल्प त्या हेतूत बसत नाही, हे न्यायालयाचे म्हणणे. पुढे २००२च्या कायद्याने मदतीचा हेतू ‘गरिबी कमी करणे’ असा स्पष्ट केला. लँकेस्टर तोंडी बोलून गप्प बसले असते, तर न्यायालयासमोर ठेवायला काहीच नसते. कायद्यात हेतूचे दोन शब्द नसते, तर कागद असूनही उपयोग झाला नसता. दोन्ही लागतात.

देणाऱ्याच्या कंपन्यांकडूनच माल घ्यावा ही अट हा याच रोगाचा सौम्य प्रकार. ओईसीडीच्या अंदाजाप्रमाणे अशा अटीने खर्च १५ ते ३० टक्क्यांनी वाढतो. त्याहून मोठे नुकसान पुढे होते: यंत्राचे सुटे भाग फक्त त्याच देशात मिळतात, दुरुस्तीचा तंत्रज्ञ तिथूनच यावा लागतो, आणि पाच-सात वर्षांत पंप गंजत पडतो. २००१मध्ये ओईसीडीच्या विकास साहाय्य समितीच्या सदस्यांनी अतिगरीब देशांपुरती ही अट काढण्याचे मान्य केले, पण अन्नधान्य आणि तंत्रसाहाय्य त्यातून वगळले. अमेरिकेच्या अन्नसाहाय्यातला निम्मा माल तरी अमेरिकी जहाजांनीच जावा, हा नियम त्यामुळेच टिकून राहिला.

प्रकल्पाची छाननी करताना हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे चालू खर्च. इमारत मदतीतून उभी राहते. परिचारिकांचे पगार, औषधे, डिझेल, छताची डागडुजी हे घेणाऱ्या सरकारच्या महसुली अंदाजपत्रकातून यायचे असते. त्या सरकारच्या अर्थ खात्याचे लेखी हमीपत्र आणि पुढच्या पाच वर्षांच्या अंदाजपत्रकातली तरतूद पाहिल्याशिवाय इमारतीला मंजुरी देऊच नये. दुसरी गोष्ट: मदत शाळांसाठी दिली म्हणजे शाळांवरचा खर्च वाढलाच असे नाही. त्या सरकारने शाळांसाठी ठेवलेला स्वतःचा पैसा दुसरीकडे वळवला, तर आपण प्रत्यक्षात त्या दुसऱ्या कामाला मदत केलेली असते. म्हणून शाळांची संख्या मोजण्यापेक्षा त्या देशाच्या शिक्षण खात्याचा एकूण खर्च मदतीआधी आणि मदतीनंतर किती, हे पाहावे.

भारत आता घेणाऱ्यांच्या रांगेतून देणाऱ्यांच्या रांगेत आला आहे. २००३मध्ये आपण छोट्या देणाऱ्या देशांची द्विपक्षीय मदत घेणे थांबवले; तांत्रिक प्रशिक्षणाचा ‘आयटेक’ कार्यक्रम तर १९६४पासून चालू आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयात विकास भागीदारीचा स्वतंत्र विभाग २०१२मध्ये उभा राहिला. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात भूतानला अनुदान आणि कर्ज मिळून २१५० कोटी रुपये, नेपाळला ७००, मालदीवला ६००, मॉरिशसला ५०० आणि आफ्रिकेतल्या सगळ्या देशांना मिळून २२५ कोटी अशी तरतूद होती. शेजार आणि जलविद्युत यांचा विचार केला तर भूतानचा अग्रक्रम समजण्यासारखा आहे. पण बाकीच्या आकड्यांचा क्रम असाच का, हे अर्थसंकल्पाच्या कागदांत कुठेही लिहिलेले नसते. एक्झिम (निर्यात-आयात) बँकेमार्फत दिली जाणारी सवलतीची कर्जे तर या आकड्यांतही येत नाहीत. सरकारवर बोजा पडतो तो बाजारातले व्याज आणि सवलतीचे व्याज यांतल्या फरकाचा. त्या कर्जांत साधारणपणे ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्याव्या लागतात. मागणी घेणाऱ्या देशाकडून यावी, हे आपले तत्त्व आहे आणि ते सन्मानाचे आहे. पण ज्या देशाकडे सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करण्याची कुवत नाही त्याची मागणी एकतर येत नाही, किंवा कच्च्या अहवालावर मंजूर होते आणि निविदेच्या टप्प्यावर खर्च वाढून अडकते. अहवाल तयार करून देण्यासाठी वेगळे, बिनअटीचे अनुदान ठेवले तर ही गळती बरीच कमी होईल.

माझी सूचना आहे ती प्रत्येक देणाऱ्या सरकारसाठी, आणि आपल्यासाठी ती अमलात आणायला नवा कायदाही लागत नाही. अनुदानाच्या मागण्यांच्या, म्हणजे मंत्रालयाने संसदेकडे मागितलेल्या खर्चाच्या, कागदपत्रांसोबत एक तक्ता जोडावा. त्यात प्रत्येक देशासाठी सात रकाने असावेत: मागच्या वर्षीची तरतूद, प्रत्यक्ष खर्च, जुन्या करारांनी आधीच बांधलेली रक्कम, नव्याने ठरवलेली रक्कम, ती ठरवण्याचे कारण (गरज, शेजार, व्यापार, सुरक्षा यांपैकी जे खरे असेल ते), कर्ज की अनुदान, आणि खरेदीची अट किती टक्के. संरक्षणाच्या कारणाने दिलेली मदत ‘सुरक्षा’ या शब्दाखालीच दाखवावी. तपशील गुप्त ठेवला तरी चालेल, पण ती गरिबीच्या रकान्यात जाऊ नये. सचिवांनी प्रतिकूल अभिप्राय दिला असताना मंजुरी मिळाली असेल, तर त्या ओळीसमोर तशी खूण असावी आणि मूळ टिपण महालेखापरीक्षकांकडे त्याच महिन्यात जावे. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीपुढे दरवर्षी मागण्या येतातच. येत्या छाननीत समितीने हा तक्ता मागावा.

आपला,
विकास अर्थकारणाचा एक अभ्यासक